वारा नसताना उत्तम

उमेळे, वसई
११ फेब्रुवारी

फेबियन,

माणसाच्या जातीवर आजवर तीन मोठी संकटं आली: महापूर, महामारी आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली. पहिल्या दोन्हींवर काही ना काही उपाय निघाला. किल्ली मात्र सेक्रेटरी आशालताबाईंच्या देवघरात, करंड्याशेजारी विराजमान आहे. ती मिळवायची तर लेखी अर्ज, कारण, गच्चीवर थांबण्याचा अंदाजे कालावधी आणि 'सोबतच्या इसमाचे नाव'. कारणाच्या रकान्यात मी 'रिपीटरची दुरुस्ती' लिहिलं, तर अर्ज परत. मागे बाईंचं टिपण: "सारखं सारखं वर जाण्याचं हेच कारण देता. नवीन कारण लिहावे." एका वयस्कर, सुशिक्षित, मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या गृहस्थाला स्वतःच्या डोक्यावरच्या गच्चीत जायला नवीन कारण शोधावं लागतं. तुझ्या कॅनडात हे होत नसेल. तिथे गच्चीवर बर्फ असतो, सेक्रेटरी नसते.

'प्रिय' लिहिलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, ईमेलला उत्तर देत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही म्हणून हे पत्र.

बातमी अशी की आपण दोघांनी बारा वर्षांपूर्वी चढवलेली केबल गेली. खांबावरच्या अँटेनापासून लिफ्टच्या खोलीतल्या, आपल्या हॅम रेडिओ क्लबच्या रिपीटरपर्यंतची तीस मीटर. वरच्या आवरणाला कावळ्याच्या चोचीएवढी चीर होती. कापून पाहिली तर आतली तांब्याची जाळी हिरवीकाळी, आणि टोकाकडून चमचाभर पाणी निघालं. केबल नाही म्हणजे रिपीटरला कान नाहीत आणि तोंडही नाही. वटारहून तुझी आई, म्हणजे आमच्या टीचर, हातातल्या छोट्या सेटवर बोलतात, तो क्षीण आवाज सातव्या मजल्यावरून उचलून हा जोरात पुन्हा सांगतो, म्हणून मला ऐकू येतो. सध्या येत नाही.

तुझी अट मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात, तुमच्या ओट्यावर तू म्हणालास, "आई एकटीच राहणार असेल तर रोज तिचा आवाज कुणाच्या तरी कानावर पडला पाहिजे. नाहीतर मी तिला कॅल्गरीला नेणार." तुझ्या आईने म्हटलं, मला माझी वाडी सोडून कुठे जायचं नाही. आणि मी मध्ये तोंड घातलं, "मी आहे ना." क्लेमेंटीन टीचरनी मला आठवीत विज्ञान शिकवलं, तेव्हापासून आजतागायत त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. नेमकं तेवढंच ऐकलं. त्यावर तू बोलणं टाकलंस.

तेव्हा काळजी नको. नवी केबल येईपर्यंत मी रोज सकाळी स्कूटरवरून वटारला जातो. त्या मिस्साहून येऊन चाफा वेचत असतात. काल म्हणाल्या, "सिग्नल छान आहे तुझा. पण पेट्रोलचा वास येतो."

तुझा सल्लाही ठाऊक आहे: मोबाईल टॉवरवाले घालतात तीच घ्या, जाळीऐवजी अखंड तांब्याची नळी असलेली. बघतो.

विलास

*

उमेळे
९ मार्च

फेबियन,

केबल चढली. अर्ज चार, फेटाळलेले तीन.

केबल निवडणं म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झालाय. प्रत्येकजणी गुणाची, प्रत्येकीचा भाऊ खोटं बोलतो. मुंबईतल्या पहिल्या दुकानदाराने टीव्हीची केबल काढून दिली, "सब में चलता है." दुसऱ्याकडच्या केबलवर नाव, नंबर, सगळं बरोबर छापलेलं, सोलून पाहिली तर जाळी इतकी विरळ की मच्छरदाणीने हिच्यावर हसावं. तिसऱ्याकडे मला हवी ती मिळाली. मधल्या तारेभोवती फोम, फोमवर अॅल्युमिनियमचा वर्ख, त्यावर कथिल चढवलेली दाट जाळी. जाहिरात नव्हे, मी स्वतः तक्ता मांडलाय. वाटेत वाया जाणारी ताकद तुझ्या तांब्याच्या नळीपेक्षा तीस मीटरला जेमतेम पाऊण डेसिबल जास्त. वळते छान, वजन कमी, आणि दर्शनी भिंतीवर दिसत नाही, त्यामुळे आशालताबाईंच्या मते फ्लॅटचे भाव पडत नाहीत.

तुझी ती नळीवाली मिळाली नाही.

चढवायला हरेश्वर होता. पाचूबंदरचा हरेश्वर, बोटींवरचे वायरलेस दुरुस्त करतो, तुला आठवत असेल. तू गेल्यानंतर क्लबमध्ये खांबावर चढू शकणारा तो एकटाच उरलाय, बाकीचे आम्ही खालून मार्गदर्शन करतो. त्याने केबल हातात घेऊन वाकवली, कानाशी धरली, तोंड वाकडं केलं.

"विलासभाऊ, ही एका टायमाला एकच काम करनाऱ्याला बरी. आपला डबा येकाच तारेतून बोलतो पन आनि ऐकतो पन. हा वर्ख नि ही जाळी येकमेकाला घासनार."

"अरे, तक्ता बघ."

"तक्त्यात वारा येतो का?"

अशिक्षितपणा, दुसरं काय. मी त्याला मधली तार, फोम, टक्केवारी सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि केबल वर नेली. कनेक्टरवर त्याने रबरी टेपचे तीन थर असे दिलेत की पाण्याने बाहेर बसून रडावं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला टीचर हजर.

"टीचर, कसा येतोय?"

"पाच-नऊ, पैकीच्या पैकी. इतका स्वच्छ की तू अजून दात घासले नाहीस तेही कळतंय."

तेव्हा तक्ता खरा ठरला. हरेश्वरला ऐकवलं. तो म्हणाला, "आज पान पन हलत नाय."

विलास

*

उमेळे
१६ एप्रिल

फेबियन,

रोज सकाळी साडेसातला टीचरचा आवाज ऐकू येतो. तुझी अट शंभर टक्के पाळली जातेय. हे आधी सांगून ठेवतो.

दुपारी थोडी कुरकुर असते.

समुद्रावरचा वारा अकरानंतर सुटतो, खांब डोलतो, केबल डोलते, आणि कुणी बोलायला लागलं की पापड भाजल्यासारखा आवाज. परवा टीचर म्हणाल्या, "विलास, तुझ्याकडे कुणी चिवडा खातंय का?" मी म्हटलं वाऱ्यामुळे होतंय. "वाऱ्यामुळे काय होतंय ते सांग. वारा तर माझ्याकडेही आहे, मी नाही कुरकुरत." विज्ञानाच्या शिक्षिकेला थाप मारायची म्हणजे तयारी लागते. माझी नव्हती. सांगितलं सगळं.

तुलाही सांगतो, तू तरी कुठे उत्तर देणार आहेस. कुणी हाक मारत नाही तोवर रिपीटर गप्प असतो, आणि केबलही गप्प. कुणी बटण दाबून त्याला उठवलं, तो बोलायला लागला, की त्याच्याच ताकदीने वर्ख आणि जाळी जिथे जिथे एकमेकांना शिवतात तिथे चर्रचर्र सुरू होते, आणि ती परत त्याच्याच कानात शिरते. ज्याचा आवाज मुळात मोठा तो तरून जातो. ज्याचा क्षीण, वटारहून येणारा, त्याचे शब्द बुडतात. थोडक्यात, स्वतःच्या बोलण्याने बहिरा होणारा. असे लोक आमच्या कमिटीत पुष्कळ आहेत, त्यामुळे क्लबमध्ये कुणाला नवल वाटलं नाही.

म्हणजे माझी केबल वाईट नाही. वारा नसताना उत्तम आहे. वारा असताना कुणाला काय बोलायचं असतं?

हरेश्वर म्हणतो त्याच्याकडे नळीवाल्या केबलचा एक जुना तुकडा आहे. बघू. पाऊस सुरू व्हायच्या आत बदलतोच. अर्ज लिहायला घेतलाय.

विलास

*

उमेळे
२२ मे

फेबियन,

कार्मिनने तुला फोन केलाच आहे. तरी माझ्याकडून.

परवा, वीस तारखेला दुपारी चारच्या पुढे मोठं वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं आणि धूळ. वीज गेली, मोबाईलचे टॉवर गेले. टीचर मागच्या पडवीत कपडे काढायला गेल्या, तिथे पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारची कार्मिन पडलेली केळ बघायला कुंपणाशी आली तेव्हा तिला दिसल्या, सात वाजता. शुद्धीवर होत्या. शस्त्रक्रिया उद्या आहे, डॉक्टर बरे वाटले.

सेट त्यांच्या गळ्यात होता, नेहमीसारखा. पण वाऱ्यात कुरकुर होती. मी घरीच होतो, रिपीटर आणि माझा सेट बॅटरीवर चालू होते, समजण्यासारखं काही आलं नाही. रिपीटर दर दहा मिनिटांनी टिकटिक करून स्वतःची ओळख सांगतो, तेव्हाही केबल कुरकुरते, त्यामुळे वेगळं असं काही लक्षात येण्याजोगं नव्हतं.

तू निघालास असं कळलं. मी विमानतळावर येऊ का?

विलास

*

उमेळे
१६ जून

फेबियन,

तू सहा किलोमीटरवर वटारला आहेस आणि मी तुला पोस्टाने लिहितोय. पोस्टमन म्हणाला, साहेब, मी तिकडेच चाललोय, तुम्ही पण बसा मागे. बसलो नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू माझ्यासमोरून गेलास ते बरं केलंस. काही बोलला असतास तर मी विनोद केला असता.

खोट्याची दुरुस्ती करायची आहे. खांबावर न चढता करता येते ती एवढीच.

पहिलं. नळीवाली केबल 'मिळाली नाही' हे खोटं. पाचूबंदरला हरेश्वरच्या घराबाहेर, जाळ्यांच्या बाजूला फेब्रुवारीपासून तिचं वेटोळं टांगलेलं आहे. काढून टाकलेल्या एका टॉवरची, पस्तीस मीटर, ठणठणीत. त्याने मला दोनदा दाखवली. मी घेतली नाही, कारण ती तू सांगितलेली होती. आशालताबाईंचा त्यात काही दोष नाही. त्यांना मी ती कधी विचारलीच नाही. गेल्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाल्या, "टीचरसाठी ना? मग अर्ज कशाला?" आणि किल्ली काढून दिली. बघ, माणसं कशी ऐन वेळी आपला अंदाज चुकवतात.

दुसरं. रिपीटरची ओळख आणि हाक यांत फरक कळत नाही असं मी लिहिलं. ओळख टिकटिक करते, दहा मिनिटांनी एकदा, सात सेकंद. क्लबात नवीन येणाऱ्यालाही पहिल्या दिवशी कळतं. रिपीटरच्याच बॅटरीवरचा छोटा कॉम्प्युटर त्याच्या प्रत्येक उठण्याची वेळ टिपून ठेवतो, ते मी तुला सांगितलं नव्हतं. मी ती नोंद बघायला चार दिवस लावले. वीस मे, चार बावन्न ते पाच एकेचाळीस. ओळखीच्या पाच वेळा सोडून, एकोणीस वेळा.

तिसरं. एप्रिलमध्ये मीच तुला लिहिलं की कुणी हाक मारल्याशिवाय ती केबल कुरकुरत नाही. चांगलं सोपं करून लिहिलं होतं, उपमाबिपमा देऊन. म्हणजे कुरकुर ऐकू आली की समजायचं कुणीतरी बोलावतंय. त्या दिवशी ती कुरकुर माझ्या टेबलावर, माझ्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर होत होती. मी म्हटलं, वैताग आहे या केबलचा. आणि पाच वाजून चार मिनिटांनी आवाज बंद केला.

कारण मी लिहीत होतो. गच्चीच्या किल्लीचा अर्ज. तो फार फर्मास जमत होता. त्यात मी आशालताबाईंना किल्लेदार म्हटलं होतं.

शब्द कळले नाहीत, हे मात्र तसंच ठेवतो.

तू टीचरना घेऊन जाणार हे कार्मिनकडून कळलं. माझं काही म्हणणं नाही. माझ्या म्हणण्याने काय होतं ते आपण पाहिलं.

विलास

*

उमेळे
२४ ऑगस्ट

फेबियन,

तुम्ही पोचलात, टीचरना व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने रांग मोडून पुढे नेलं आणि त्याबद्दल त्या त्याला ओरडल्या, एवढं कार्मिनने सांगितलं. बरं वाटलं.

नळीवाली केबल चढली. हरेश्वरने दर मीटरला ती खांबाला आवळली, वळण देताना मूल निजवल्यासारखी सावकाश वळवली. ही एकदा दुमडली की संपली, म्हणाला. मी खाली उभा राहून मार्गदर्शन केलं नाही, शिडी धरली. नारळी पौर्णिमेच्या आधी तीन दिवस समुद्र खवळलेला होता, वारं असं की आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण शेजारच्या सोसायटीत गेलं. तेव्हा हरेश्वर बंदरावरून हातातल्या सेटवर बोलला. एक तडतड नाही, एक कुरकुर नाही.

"कसा, विलासभाऊ?"

"पाच-नऊ."

"आता वाऱ्याचं बोला."

सकाळी साडेसातला मी अजून सेट लावतो. आवाज इतका स्वच्छ झालाय की कुणी बोलत नाही हे अगदी स्पष्ट ऐकू येतं.

तुला सांगायला हवं: तुम्ही निघायच्या आठवड्यात, तू विम्याच्या कागदांसाठी बाहेर गेला होतास तेव्हा मी वटारला आलो होतो. चोरासारखा, मागच्या वाटेने. कार्मिनने दार उघडलं आणि म्हणाली, "पुढच्या दाराने या की हो, कुत्रं नाही बांधलेलं तिथे." टीचर वॉकर धरून खिडकीशी होत्या. बॅगा भरलेल्या. चाफ्याखाली फुलांचा सडा, वेचलेला नव्हता.

मी म्हटलं, "टीचर, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"म्हटलं असतं. पण नाही म्हणायला पायावर उभं राहावं लागतं."

मग म्हणाल्या, "फेबियनने तुझं पत्र वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून."

मी खाली बघत राहिलो. आठवीतही असाच बघायचो, जमीन तेव्हा शेणाची होती.

"मला त्यात नवीन काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "बटण सोडलं की माझ्या सेटवर कुरकुर यायची. म्हणजे रिपीटर उठत होता. रिपीटर उठला म्हणजे तुझ्या टेबलावर वाजला. एवढं विज्ञान मीच तुला शिकवलंय."

"मग एकोणीस वेळा कशाला?"

"म्हटलं, हा उशिरा उत्तर देणारा मुलगा आहे."

कार्मिन सरबत घेऊन आली, आम्ही दोघं हवेबद्दल बोललो. निघताना टीचरनी वॉकरवरून एक हात उचलून मला थांबवलं.

"तुझ्याकडून माझं एक कार्ड येणं आहे."

मला कळेना. मग कळलं. आपल्या जुन्या लोकांची रीत: हवेतून कुणाचा आवाज मिळाला की पोस्टाने कार्ड पाठवायचं, अमुक दिवशी, अमुक वेळी तुम्ही मला मिळालात. टीचरकडे अशा कार्डांचे चपलांचे तीन खोके भरलेले आहेत, रशिया, जपान, कुठलीशी बेटं. आमची रोजची गाठ, त्यामुळे मी कधी पाठवलंच नव्हतं.

"कार्ड गाठ पडल्याचं असतं, टीचर. मी उत्तर दिलं नाही."

"नुसतं ऐकणाऱ्याचंही कार्ड असतं. आम्ही लहानपणी तीच पाठवायचो, लायसन्स नव्हतं तेव्हा. ऐकलंस ना? मग दे."

मी म्हटलं देतो. तुम्ही गेलात. तीन आठवडे क्लबची कोरी कार्डं माझ्यासमोर आहेत. मी इतकी वर्षं मासिकांत लोकांची टर उडवून पोट भरतो, आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत मला एक ओळ सुचेना. जे सुचायचं ते विनोदी असायचं. फाडायचो.

शेवटी लिहिलं. जूनच्या पत्रात एक गोष्ट मी 'तशीच ठेवतो' म्हटलं होतं, ती आता तशी ठेवत नाही. टीचर दुपारी शब्दकोडं अडलं की मला हाक मारायच्या. मला वाटलं, तेच असेल, अर्ज झाला की बघू. कार्ड सोबत आहे. पाकिटात वेगळं ठेवलंय, तू वाचलंस तरी चालेल, पण ते त्यांच्या हातात दे. कार्डावरचं बारीक अक्षर त्यांच्या डोळ्यांना दिसणार नाही, मोठ्याने वाचावं लागेल.

विलास

*

(सोबतचं कार्ड)

ऐकलेलं स्थानक: क्लेमेंटीन टीचर, वटार
ऐकणारा: विलास, उमेळे
दिनांक: २० मे
वेळ: दुपारी ४.५२ ते ५.०४. पुढे सेटचा आवाज बंद होता.
मार्ग: उमेळे रिपीटर
स्पष्टता: पाचपैकी दोन
हवामान: वारा
काय ऐकू आलं: माझं नाव. तीन वेळा.
शेरा: आपली हाक इथे पोचली होती.

सही
विलास